कान पुढं, हात मागं

त्या उन्हाळ्यात औरंगाबादेत सगळ्यांचेच कान तिखट झाले होते. नळाला पाणी येण्याआधी पाइपातून नुसती हवा सुटते, तिचा तो सुस्कारा माणसं दोन खोल्यांपलीकडून ओळखायची. टँकरचा भोंगा तर लांबच राहिला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई नुसत्या इंजिनाच्या घरघरीवरून सांगायच्या, हा आपला टँकर, की पलीकडच्या सोसायटीचा, की कुठल्यातरी बांधकामावर निघालेला. अशा शहरात राहून मी ऐकण्याच्या परीक्षेत नापास झाले होते.

नापास हा शब्द तसा बरोबर नाही. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात कुणी नापास होत नाही, फक्त कमी पडतं. वाचन, लेखन, बोलणं आणि ऐकणं असे चार भाग, प्रत्येकाला नऊपैकी गुण. मला वाचनात नऊ होते. कॉलेजपासून मी इंग्रजी कादंबऱ्या वाचत आले होते, पण त्यातली माणसं माझ्याशी कधी मोठ्याने बोलली नव्हती. लेखनात आणि बोलण्यात साडेसात. ऐकण्यात सहा. आणि मला हवे होते सात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडल्या एका गावातल्या, म्हाताऱ्या माणसांच्या इस्पितळाने मला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: चारही भागांत किमान सात, आणि तेही जून संपायच्या आत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. मे महिन्यातली परीक्षा ही शेवटची संधी होती. कुणी विचारलं का जातेस, तर मी पगाराचं सांगायचे, लोकांना ते लगेच पटायचं. खरं कारण सांगायला अवघड होतं. आई दिवाळीनंतर गेली. त्यानंतर घरात मला कुणालाच ओरडून काही सांगावं लागत नव्हतं.

द्वारकाबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला होता.

"तिकडं पाणी किती दिसाआड येतं?"

"रोज येतं, मावशी."

"रोज? किती वाजता?"

"वेळ नसते. दिवसभर असतं."

त्या जरा विचारात पडल्या. "दिवसभर? मग बाया करतात काय?"

निराला बाजारात साड्यांच्या एका दुकानाच्या वर मिहिर सरांचा क्लास होता. सर माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पुण्याला शिकून आलेले, गळ्यात कायम निळा मफलर. तोही मे महिन्यात, कारण एसी त्यांच्या खुर्चीवरच सोडलेला होता. ऐकण्याची परीक्षा त्यांनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात समजावली होती.

"टेप म्हणजे आपला टँकर. एकदाच येणार, थांबणार नाही, मागं फिरणार नाही. हंडा तयार पाहिजे."

टेपवर कुणीतरी बाई सायकल भाड्याने घ्यायला फोन करायची, कुणी वाढदिवसाला हॉल ठरवायचं, कुणी प्राध्यापक घुबडांवर व्याख्यान द्यायचा. आपण गाळलेल्या जागा भरायच्या. प्रत्येक प्रश्नावर सूचना असायची, उत्तर दोनपेक्षा जास्त शब्दांचं नको. माझी गंमत अशी, की पहिली दोन उत्तरं बरोबर यायची, तिसरं हुकायचं. चौथं, पाचवं बरोबर, सहावं गायब. जणू दर दोन पायऱ्यांनंतर एक पायरी कुणीतरी काढून नेली होती.

"चारुता मॅम, तुम्हाला ऐकू येतं," सर म्हणाले. "शब्दही माहितीयेत. पण तुम्ही मधेच कुठंतरी जाऊन येता. कुठं जाता?"

"घरी नाही जात," मी म्हटलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला उपाय दिला: रोज इंग्रजी बातम्या, क्रिकेटचं समालोचन, आणि चांगले हेडफोन.

हेडफोन घ्यायला मी शहागंजात गेले. घड्याळाच्या मनोऱ्यापासून आत शिरलं, की मोबाइलच्या वस्तूंची दुकानं लागतात. त्यातल्या एका चाचांनी माझ्यापुढे सगळा माल पसरला.

"गाने सुनने के वास्ते होना क्या, बाजी?"

"नाही, इम्तिहान आहे. कानाचा."

"कान का इम्तिहान?" त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. "कान कू क्या हुआ?"

"इंग्रजी ऐकायचंय. नीट कळत नाही."

"तो इसमें हेडफोन का क्या कसूर? जो आया वो सुनाता बिचारा." मग त्यांना माझी दया आली असावी. गठ्ठ्यातून एक काळा जोड काढून त्यांनी माझ्याच कानांवर चढवला. "ये लेव. इसमें गोरे लोगां बी साफ बात करते."

मी तो घेतला. गोरे लोगां खरोखरच साफ बोलायला लागले. उत्तरं मात्र दर दोनानंतर एक हुकतच राहिली.

क्लासमध्ये माझ्या शेजारी तनुजा बसायची. कन्नड तालुक्यातल्या पिशोरची, नर्सिंग झालेली, इथल्याच एका दवाखान्यात कामाला. घरची शेती, पण त्या साली शेतात सांगण्यासारखं काही नव्हतं आणि ती सांगायचीही नाही. तिचं दुखणं माझ्या उलट होतं. तिला सगळं ऐकू यायचं. स्कॉटिश असो, ऑस्ट्रेलियन असो, नाकात बोलणारा असो, तनुजाला शब्द पकडता यायचा. लिहिताना घोटाळा. स्पेलिंग चुकलं की गुण गेला.

"अकॉमोडेशन," ती एकदा कपाळाला हात लावून म्हणाली. "आवाज तर बरोबर कळतो वो ताई. पण ही दोन-दोन अक्षरं कोणी घातली ह्याच्यात? कानाला तर एकच येतं."

"पाठ करायचं. दोन सी, दोन एम."

"म्हंजे राहायची खोली एक अन् अक्षरं जोडीनं राहणार."

तिच्या खोलीवर पाच मुली आणि एक नळ होता. अभ्यासाला जागा नाही, म्हणून ती संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर माझ्याकडे यायला लागली. मी तिची स्पेलिंगं घ्यायची, तिने माझं ऐकणं. घर शांत होतं असं म्हणवत नाही. शेजारच्या प्लॉटवर सात मजल्यांची इमारत उठत होती आणि दिवसभर फरशी कापण्याचा आवाज चालायचा. आमच्या नळाला पाणी नव्हतं, त्यांच्या स्लॅबला होतं. पण सहानंतर मजूर थांबायचे आणि मग टेप लावता यायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशीची गोष्ट. टेपवर एक बाई वाचनालयाचे नियम सांगत होती. मी लिहीत होते, तनुजा समोर बसून माझ्याकडे बघत होती. टेप संपली. तिने उत्तरं तपासली, दर तिसऱ्यावर फुली मारली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, राग नाय ना येणार?"

"बोल."

"तुम्ही दर दोन वाक्यांनी तिकडं काऊन बघता?"

"कुठं?"

"त्या खुर्चीकडं." तिने माझ्या उजव्या हाताच्या, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बोट केलं. "बघता, ओठ हलवता, जरा थांबता. मग परत लिहिता. तवर ती टेपमधली बाई लई पुढं गेलेली असती."

मी चहा ठेवायला उठले.

आईला शेवटच्या आठ-नऊ वर्षांत ऐकू येत नव्हतं. यंत्र आणलं होतं, पण ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते कपाटात ठेवून दिलं. तिने नोकरीची सगळी वर्षं तारघरात काढली होती. आधी कडकट्टच्या यंत्रावर तारा घेणं, मग काउंटर. लोक भलीमोठी तार लिहून आणायचे आणि आई लाल पेन्सिल घेऊन ती कमी करून द्यायची. "सप्रेम नमस्कार" जायचं, "कळविण्यास आनंद होतो की" जायचं, "मुलगा झाला" राहायचं. ती सवय घरीही आली. ऐकू येईनासं झालं तशी मी तिचा कान झाले. डॉक्टर बोलले, बँकेतला साहेब बोलला, कुणी लग्नाचं बोलावणं करायला आलं, की आई माझ्याकडे बघायची. "काय म्हणतात?" आणि मी जरा लांबण लावली की हात वर करायची. "दोन शब्दांत सांग." हृदयाच्या डॉक्टरांनी एकदा छातीचं चित्र काढून, बाण दाखवून बराच वेळ समजावलं. मी आईच्या कानाशी सांगितलं, "मीठ बंद." आईने मान डोलावली. "आणि बाकीचं?" मी म्हटलं, "बाकीचं इंग्रजी." डॉक्टरांना वाटलं आम्ही त्यांना हसतोय.

सकाळी ती त्या वेताच्या खुर्चीत बसलेली असायची, आणि कामाला निघतानासुद्धा तिच्या कानाशी एक तार व्हायची. "डबा घेतला. येते." एकदा घाईत मी "जाते" म्हणाले, तर जिन्यातून परत बोलावून तिने माझ्याकडून "येते" म्हणवून घेतलं होतं.

इतकी वर्षं असं ओरडल्यामुळे इस्पितळातही माझा आवाज चढाच लागायचा. एक पेशंट मला म्हणाले होते, "मॅडम, माझा गुडघा दुखतो, कान नाही."

चहा गाळता गाळता यातलं थोडंफार मी तनुजाला सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. तिने कप घेतला, फुंकर मारली.

"म्हंजे टेपमधली बाई बोलती, तुम्ही काकूंना सांगता, काकूंनी मान हलवली की पुढचं ऐकता."

"तसंच काहीतरी."

"अन् त्या मान हलवत नाय, म्हणून थांबता."

मी गाळणीतला चोथा टाकला.

"खुर्ची आतल्या खोलीत ठेवायची का?"

"नको."

"बरं," ती म्हणाली. मग कप घेऊन सरळ त्या खुर्चीतच जाऊन बसली, पाय वर घेऊन. "मग मीच काकू होते. मी मान हलवते. लावा टेप."

त्या संध्याकाळी अभ्यास झाला नाही. टेपवरचा माणूस एक वाक्य बोलला, की तनुजा आपली मान पुढे काढून ओरडायची, "काय म्हणतो वो त्यो?" मी दोन शब्द सांगायचे, ती गंभीरपणे मान हलवायची, आणि मग, "जरा मोठ्यानं सांग ना पोरी!" मी हसत सुटले. चाळीसपैकी बावीस बरोबर आली, आजवरची सगळ्यात कमी. पण हसण्याच्या मधेच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी तनुजाला जे दोन शब्द ओरडून सांगत होते, ते प्रत्येक वेळी बरोबर होते. दोनपेक्षा जास्त शब्द नकोत, असं पेपरवर छापलेलं होतं, आणि आईने ते मला कधीच शिकवून ठेवलं होतं. चुकत होतं ते एवढंच, की सांगून झाल्यावर मी मान वर करून बघत होते.

मान वर करण्यावरून आईची एक गोष्ट होती. ती आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली होती आणि तिला ऐकू येईनासं झाल्यावर तर ती जास्तच सांगायची, कारण मधेच कुणी तोडलं तरी तिला कळायचं नाही. नवीन नोकरी, तालुक्याचं गाव. यंत्र कट्ट-कडकट्ट करतंय, आवाज मोठा यावा म्हणून त्याच्यामागे पत्र्याचा रिकामा डबा अडकवलेला. आई शब्द लिहून घेतेय. तेवढ्यात मोठे साहेब तपासणीला आत आले. आईने मान वर करून नमस्कार केला. तेवढ्यात इंग्रजी तारेतला एक शब्द, "नॉट", निसटला. तार होती एका व्यापाऱ्याला, "मिरची पाठवू नका." त्याला पोचली "मिरची पाठवा." तिसऱ्या दिवशी तार पाठवणाऱ्याच्या गावात लाल मिरचीच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या आणि बाजारपेठ दोन दिवस शिंकत होती.

तेव्हा तिथल्या जुन्या तारमास्तरांनी तिला सांगितलं, बाई, ऐकून मग लिहायचं नसतं. हात मागचा शब्द लिहीत असतो, कान पुढच्या शब्दावर असतो. कान पुढं, हात मागं, आणि मान मधे, खाली. देव जरी दारात आला तरी मान वर करायची नाही.

मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की तिच्यात मिरचीशिवाय आणखी काही आहे हे विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी ती तनुजाला सांगितली. ती मिरचीला हसली आणि मग एकदम कामाला लागली. "सोपंय ताई. तुमची मान वर होऊ द्यायची नाय. मी ती वर करायला बघते, तुम्ही करू नका."

पुढचे काही दिवस तिने माझा छळ केला. टेप चालू असताना ताट पाडलं. "ताई, पाल!" म्हणून किंचाळली. माझा फोन वाजवला. दारावरची बेल दाबून आली. हळूहळू माझी मान खाली राहायला लागली. हात मागचा शब्द लिहायचा आणि कान पुढे निघून जायचा. सुरुवातीला पायऱ्या उतरताना पुस्तक वाचावं तशी भीती वाटायची. मग वाटेनाशी झाली.

एकच गोष्ट जमत नव्हती. तनुजा "टँकर आला!" म्हणाली, की मी उठायचेच. आमच्या इमारतीचा हौद गळका होता, टँकर आला की ज्याने त्याने बादल्या घेऊन खाली पळायचं, उशीर झाला की संपलं. दोनदा मी बादल्या घेऊन जिना उतरले आणि खाली रिकामी गल्ली. दुसऱ्या वेळी द्वारकाबाईही आपले दोन हंडे घेऊन बाहेर आलेल्या होत्या.

"कुठंय टँकर?"

"नाहीये, मावशी. तनुजानं गंमत केली."

द्वारकाबाईंनी वर गॅलरीकडे बघितलं. तनुजा कठड्याला धरून हसत होती. "ए पिशोरवाले! मेल्याची खोटी बातमी सांग, चालंल. पाण्याची सांगू नको." मग मला म्हणाल्या, "अन् तू काय, इतकी शिकलेली. इंजिन वाजलं का? नाय वाजलं. मग?"

सरावात मला सात आले, मग साडेसहा, मग सात, मग परत सहा. मिहिर सर म्हणाले, "मॅम, तुम्ही हल्ली कुठं जात नाही." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं.

परीक्षा जालना रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. प्रत्येक टेबलावर पाण्याची बंद बाटली ठेवलेली. इतक्या बाटल्या एका जागी बघून माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी आपली हळूच पर्समध्ये टाकली. शहागंजचे हेडफोन बाहेर बॅगेत राहिले. ऐकायला भिंतीवर दोन स्पीकर होते, आणि गोरे लोगां त्यातून पूर्वीसारखेच, गालात सुपारी धरल्यासारखे बोलत होते. तनुजा दोन रांगा पुढे बसली होती. तिने मागे वळून आपली मान हाताने खाली दाबून दाखवली. पर्यवेक्षकांनी तिला सरळ बसायला सांगितलं.

पहिल्या भागात कुणीतरी सामान हलवण्यासाठी टेम्पो ठरवत होतं. तो ठीक गेला. दुसरा भाग एका बागेची माहिती, तोही. तिसऱ्यात दोन विद्यार्थी आपल्या प्राध्यापिकेशी नदीच्या पाहणीबद्दल बोलत होते. तिघेही एकमेकांना तोडत होते, आणि प्रश्न भराभर येत होते.

हॉटेलच्या मागच्या बाजूला भोंगा वाजला. एक लांब, एक आखूड, एक लांब.

त्या वर्षी शहरात तो आवाज न ओळखणारं कुणी नव्हतं. हॉलमधली पेन थांबली, हे मला कळलं, कारण कागदांची कुरकुर एकदम थांबली. कुठेतरी खुर्ची मागे सरकली. माझ्या मानेत ती ओढ आली, डाव्या हाताला बादलीची कडी आठवली. हात "सॉइल सॅम्पल्स" लिहीत होता. कान तोवर "नॉर्थ बँक" वर गेला होता. हात "नॉर्थ बँक" वर आला, तेव्हा कान आणखी पुढे, मंगळवारच्या मीटिंगमध्ये होता.

आणि मग ती दुसरी ओढ आली, उजवीकडची. दोन शब्द सांगितलेत, आता मान हलव. उजवीकडे पेन्सिल चावणारा कुणी मुलगा होता, आत येतानाच मी त्याला पाहिलं होतं. आई तिथे नव्हती. पण ती असती तरी तिने मान हलवली नसती, हे मला त्या क्षणी अगदी साधं वाटलं. समोर तार चालू असताना ती कशाला माझ्याकडे बघेल? तिची मानही खालीच असती. मी लिहीत राहिले.

बाहेर आल्यावर तनुजाने मला आधी रस्त्याच्या कडेला उसाचा रस प्यायला लावला. बर्फ नको, तो कुठल्या पाण्याचा असेल सांगता येत नाही, असं नर्स म्हणून तिने बजावलं.

"ताई, भोंगा वाजला तेव्हा अख्खा हॉल खिडकीकडं. ते पर्यवेक्षक बी पडदा सारून बघायले. एक तुमचीच मान खाली. मला वाटलं झोप लागली."

"तू कशी पाहिलीस?"

"मी बी वरच केली ना मान! दोन उत्तरं गेली. त्यातलं एक नदीचं नाव होतं, ते मला तसं बी लिहिता आलं नसतं."

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. तनुजाचा फोन आधी आला. तिला ऐकण्यात साडेसात होते, दोन उत्तरं टँकरला देऊनही. लेखनात पाच. "अक्षरं परत जोडीनं राहायला आली वो," ती म्हणाली. ऑगस्टमध्ये परत बसणार होती. तिला घाई नव्हती, निदान तसं म्हणाली. "पण तुमचं बघितलं का?"

"बघते."

"म्हंजे नाय बघितलं. फोन ठेवते. आधी बघा."

संध्याकाळ होती. शेजारच्या इमारतीचे मजूर थांबले होते आणि पाचव्या मजल्यावर कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल काढत होतं. मी नेहमीच्या जागी बसले होते, वेताची खुर्ची उजव्या हाताला. फोनवर पान उघडायला वेळ लागला. चार आकडे आले. मी आधी वाचनाचा पाहिला, तो परत नऊ होता. मग लेखनाचा, मग बोलण्याचा. सगळ्यात शेवटी राहिलेला पाहिला.

सात. साडेसात नाही, आठ नाही. बरोबर सात.

मी वळून बघितलं. आता टेप चालू नव्हती, बघायला हरकत नव्हती. सांगायला पुष्कळ होतं. इस्पितळाला आजच कळवायचंय, तिकडे आत्ता हिवाळा आहे, मला बर्फात चालता येत नाही, तनुजा वीस किलोत काय काय न्यायचं ते ठरवून बसलीय, द्वारकाबाई गॅलरीतली तुळस सांभाळणार आहेत. मी घसा खाकरला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी इंजिन घरघरलं आणि खालून द्वारकाबाईंची हाक आली, "चारुता! आपलाच हाय!" मग भोंगा. एक लांब, एक आखूड, एक लांब.

मी दोन्ही बादल्या उचलल्या. दारातून, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "सात. येते." आणि जिना उतरायला लागले.